सत्तेचाळीस नंबरची ओळ

एकोणचाळीस. त्यापुढे बाईंचं बोट बराच वेळ नुसत्या मातीवरून सरकत राहिलं.

त्या वाफ्याच्या कडेला गोणपाटावर गुडघे टेकून बसल्या होत्या. नुकताच वर आलेला वाटाण्याचा कोंब मान वाकवून उभा असतो, केसांच्या आकड्यासारखा. बोटाच्या पेराला तो नेमका कळतो. चाळिसावा लागला तो चांगल्या दोन वितींनंतर. एक्केचाळिसावा पार शेवटच्या खुंटीजवळ. मग ओळच संपली.

"किती गं?" पलीकडच्या वाफ्यातून मिस्त्रींनी विचारलं.

"एक्केचाळीस."

"शंभरात?"

"शंभरच पेरते ना मी दर वर्षी."

"आणि शेजारची ओळ?"

"अठ्ठ्याऐंशी."

मिस्त्रींनी खुरपं मातीत उभं रोवलं. "पाखरं असतील."

"पाखरं काय नंबर वाचून दाणे टिपतात? बरी एक ओळ सोडून दुसरीच खाल्ली."

मिस्त्री म्हणजे बाईंचा नवरा. बसडेपोत तेहतीस वर्षं ब्रेक तपासून ते निवृत्त झाले होते. डेपोतलं नाव त्यांच्याबरोबर घरी आलं ते आलंच. बाईंच्या नोकरीचे अजून अकरा महिने बाकी होते. बियाणं तपासणीच्या प्रयोगशाळेत त्या उगवण मोजायचं काम करत. दर वसंतात घरगुती बागांसाठी दुकानांत जी पाकिटं येत, त्यांतल्या प्रत्येक लॉटच्या चारशे बिया आधी बाईंच्या टेबलावर येत. ओल्या कागदात गुंडाळायच्या, उबेत ठेवायच्या, ठरल्या दिवशी गुंडाळी उलगडून एकेक रोप चिमट्यानं उचलायचं आणि ठरवायचं: चांगलं, लंगडं की मेलेलं. लंगडं म्हणजे ज्याला अंकुर फुटतो, पण मूळ किंवा कोंब अधू असतो. ते कागदात जगतं, मातीतून वर येत नाही. अंकुर फुटला म्हणजे रोप झालं असं नसतं, हे प्रत्येक नव्या माणसाला बाई पहिल्याच दिवशी सांगत. तोच एक चिमटा एकतीस वर्षं त्यांच्या हातात होता. त्यावरून सगळे त्यांना चिमटेबाई म्हणत, पाठीमागेही आणि तोंडावरही.

प्रयोगशाळेच्या आकड्यावर त्यांचा विश्वास होता, पण तो भाबडा नव्हता. आपण सही केलेल्या लॉटच्या शंभर बिया साहेबांना विचारून घरी आणायच्या आणि स्वतःच्या वाफ्यात पेरायच्या, हा त्यांचा नेम. शेजारी आधीच पारखलेल्या बियाण्याची एक ओळ, ताडून पाहायला. तीच माती, तोच दिवस, तीच झारी. कागदावरचा आकडा आणि मातीतला आकडा यांत आठ-दहाच्यावर फरक आजवर पडला नव्हता.

सत्तेचाळीस नंबरच्या लॉटला बाईंनी कागदावर ब्याण्णव दिले होते. सोमवारी सकाळी दहा वाजता त्याची पाकिटं ट्रकमध्ये चढणार होती. आज शनिवार होता.

"झाली का हो पेरणी?" कुंपणापलीकडून शेजारच्या काकूंनी हाक दिली. हातात दाताळं, डोक्याला रुमाल. "मी तर यंदा मागचं सगळं अंगण खणून ठेवलंय. अख्ख्या अंगणात वाटाणाच लावणार. नातवंडं यायचीत ना, शेंगा तोडायला. तुमची पाकिटं कधी येतायत दुकानात?"

"येतील आठवड्याभरात," बाई म्हणाल्या.

"मी बाई पाकिटावर दुसरं काही वाचतच नाही. पाठीमागे तुमची सही आहे ना, बस. मागे एकदा त्या दुसऱ्या कुणाचं आणलं होतं. उगवलंच नाही मेलं. वाट बघण्यात पंधरा दिवस गेले, मग ऊन तापलं, आणि वाफा वर्षभर माझ्याकडे बघत बसला."

काकू हसत आत गेल्या. बाई हसल्या नाहीत. काकूंचं गणित चुकीचं नव्हतं. वाटाण्याला गारवा लागतो. पेरून पंधरा दिवसांनी कळलं की उगवत नाही, तर दुसऱ्यांदा पेरायला वसंत थांबत नाही.

त्यांनी रिकाम्या जागी बोटं खुपसली. पेराएवढ्या खोलीवर पहिला दाणा लागला. तो सडला नव्हता. फुगला होता, साल फाटलं होतं, मूळ बाहेर आलं होतं. बाईंनी ते अंगठा आणि तर्जनीत धरून हलकेच टोकापर्यंत चाचपलं. चांगलं मूळ टोकाकडे बारीक होत जातं, सुतासारखं. हे मध्येच थांबलं होतं. टोक बोथट, दाबलं की मऊ.

दुसरा तसाच. तिसरा तसाच. बाईंनी वीस जागा उकरल्या. तीन दाणे कुजलेले निघाले, सतरा लंगडे.

कुजलेले वीस निघाले असते तर बाईंना हायसं वाटलं असतं. मग थंड मातीला दोष देता आला असता, पाण्याला देता आला असता. पण ही मुळं कागदातही अशीच थांबली असणार. प्रत्येक मुळाला टोकाशी तपकिरी ठिपका असणार, टाचणीच्या डोक्याएवढा. तो ठिपका बाईंनी पाहायला हवा होता.

त्यांनी एक दाणा डोळ्यांसमोर धरला. दाणा दिसला, बोटं दिसली, मागचं कुंपण दिसलं. मूळ जिथे संपत होतं तिथे मात्र धुरकट डाग होता, काचेवर तेलकट अंगठा उमटावा तसा. डाग दाण्यावर नव्हता. मान जरा वळवली की मूळ कडेनं दिसे. सरळ पाहिलं की पुसलं जाई. जिथे पाहायचं नेमकं तिथलंच दिसत नव्हतं.

तीन महिन्यांपूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितलं होतं. पडद्याचा मधला भाग झिजतोय, कडा शाबूत राहतील, बारीक काम बंद करा. बाईंनी घरी येऊन "नंबर वाढलाय" एवढंच सांगितलं होतं, आणि डॉक्टरांचा कागद बियांच्या जुन्या लिफाफ्यांखाली सरकवला होता. वर्ष-सव्वा वर्ष कसंही निघेल. हाताला सवय आहे. चिमट्यात रोप आलं की वजनावरूनच कळतं. हिवाळ्यात घरी पेरणी नसते, त्यामुळे त्या तीन महिन्यांत त्यांना खोटं पाडणारं कुणी नव्हतं.

कुणी नव्हतं, हेही खरं नव्हतं.

तीन आठवड्यांपूर्वी, मंगळवारी, सत्तेचाळीसच्या गुंडाळ्या उलगडल्या तेव्हा शेजारच्या टेबलावरची मुलगी डोकावली होती. दोन वर्षांपूर्वी लागलेली, सगळे तिला धाकटी म्हणत. "बाई, ही टोकं जरा तपकिरी वाटतात का?" तिनं हळूच विचारलं होतं. आणि बाईंनी, मान वर न करता, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात उत्तर दिलं होतं. ते उत्तर आता वाफ्याच्या कडेला बसून त्यांना शब्दन् शब्द आठवलं.

रविवारी दोघांनी कांद्याची रोपं लावली. मिस्त्री खळगा करत, बाई रोप ठेवून माती दाबत. आदल्या दिवसापासून बाईंच्या तोंडून कामापुरते शब्द निघत होते. घड्याळाकडे पाहायचं नाही असं ठरवूनही सोमवारला किती तास राहिले हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

ओळ संपत आली तेव्हा त्यांचा हात दोरीवर पडला, आणि तिथेच राहिला.

दर वर्षी ओळ आखायला मिस्त्री सुतळी ताणत, मातीच्याच रंगाची. ही दोरी पांढरीशुभ्र होती, करंगळीएवढी जाड. बाई मागे वळल्या. स्वयंपाकघरातून बागेत उतरायच्या तीन पायऱ्या. हिवाळ्यात मिस्त्रींनी त्यांच्या कडांना पांढरा पट्टा ओढला होता. रंग उरला होता, वाया कशाला घालवायचा, असं तेव्हा म्हणाले होते.

"कधीपासून?" बाईंनी विचारलं.

"काय कधीपासून?"

"अहो, तुम्हाला ठाऊक आहे मी काय विचारतेय."

मिस्त्रींनी हातातलं रोप नीट ठेवलं. "चहात साखरेऐवजी मीठ घातलंस, तेव्हा नाही. ते तू लग्नापासून करतेस. सुईत दोरा ओवायला मला दिलास, तेव्हा. एवढ्या वर्षांत मला कधी सुईला हात लावू दिला नव्हतास तू."

"मग बोलला का नाहीत?"

"म्हटलं, तूच बोलशील."

बाईंनी मग सगळं सांगितलं. डाग, डॉक्टरांचा कागद, तपकिरी टोकं, सतरा लंगडे, धाकटी. क्रमानं सांगितलं, नोंदवहीत लिहावं तसं. मिस्त्री ऐकत राहिले. मग मातीचे हात पँटला पुसत म्हणाले, "हे बघ, वाटाणा उगवला नाही म्हणून कुणी मरत नाही."

"डेपोत असंच म्हणायचात तुम्ही?"

"डेपोत शंका आली की गाडी बाहेर नाही. पण डेपोत माझी बायको नव्हती." त्यांनी दोरीची खुंटी दाबून बसवली. "अकरा महिने राहिलेत. झाकली मूठ आहे, राहू दे. पुढचे लॉट त्या धाकटीकडे सरकव, पाठदुखीचं नाव सांग. तू तोंड उघडलंस की ते एका लॉटवर थांबणार नाहीत. तीन महिन्यांतला तुझा एकेक आकडा बाहेर काढतील. म्हणतील, बाईंना दिसत नव्हतं आणि बाई सह्या ठोकत होत्या. एकतीस वर्षं कुणाला आठवणार नाहीत, हे तीन महिने तेवढे आठवतील."

"खोटं नाही त्यात काही," बाई म्हणाल्या.

"मग?"

बाईंनी हात पुढे केला. कांद्याचं पुढचं रोप मागितलं. त्यांनी ते ठेवलं, माती दाबली, आणि पुढची सगळी ओळ दोघं लावत गेले. संध्याकाळी बाईंनी उकरलेले वीस दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवले. मिस्त्रींनी ते पाहिलं, आणि डब्याचं झाकण नीट बसत नव्हतं ते दाबून बसवून दिलं.

सोमवारी साडेनऊला ट्रक आवारात उभा होता. हमाल खोकी चढवत होते. प्रत्येक खोक्यावर ठळक अक्षरात सत्तेचाळीस. एवढे मोठे आकडे बाईंना अजून दिसत.

साहेबांच्या खोलीची खिडकी आवारातच उघडत असे. साहेब बाईंपेक्षा पंधरा वर्षांनी लहान, भला माणूस; कुणी तक्रार घेऊन आलं की आधी पाण्याचा पेला पुढे सरकवायचे. त्यांनी तो सरकवला.

बाईंनी टेबलावर फडकं उलगडलं. "सत्तेचाळीसचे आहेत. माझ्या वाफ्यातले. शंभरात एक्केचाळीस वर आले. न उगवलेल्यांतले वीस उकरले, त्यांतले सतरा लंगडे."

साहेबांनी दाणे पाहिले. "बाई, यंदा माती किती गार आहे."

"शेजारच्या ओळीत अठ्ठ्याऐंशी आलेत. माती तीच आहे."

"तरी घरची बाग म्हणजे काही पुरावा नाही."

"नाही. म्हणून परत मोजायला सांगतेय. राखीव नमुना आहे आपल्याकडे. आठ दिवस लागतील."

"आठ दिवस?" साहेबांनी खिडकीकडे हात केला. "तो ट्रक बघा. दुकानदारांचे सकाळपासून चार फोन झालेत. आठ दिवसांनी गिऱ्हाईक काय घेणार, भोपळा? आणि मोजलंय कुणी, तर तुम्ही. अख्ख्या इमारतीत तुमच्या आकड्याला कुणी हात लावत नाही. तुम्हीच तुमच्यावर शंका घेताय, ती कशावरून?"

बाहेर एक खोकं दणकन ट्रकात पडलं. बाईंनी पर्समधून कागद काढला, घडी उलगडली आणि टेबलावर ठेवला.

"यावरून."

साहेबांनी वाचला. वरची तारीख वाचली. पुन्हा पहिल्यापासून वाचला.

"हा तीन महिन्यांपूर्वीचा आहे."

"हो."

"तीन महिन्यांत किती लॉट झाले?"

"नऊ. नऊच्या नऊ परत मोजावे लागतील."

साहेबांनी चष्मा काढून हातात धरला. "बाई, मला हे कळलं नसतं तर बरं झालं असतं."

"मलाही," बाई म्हणाल्या.

साहेब उठले. खिडकीशी गेले आणि हमालांना म्हणाले, "उतरवा." खाली कुणीतरी विचारलं, किती? "सगळी," साहेब म्हणाले.

बाई आपल्या टेबलाशी आल्या तेव्हा धाकटी कागद भिजवत होती. आवारातला गलका तिनं ऐकला होता, पण विचारायची हिंमत होत नव्हती.

"त्या दिवशी तू टोकांबद्दल विचारलंस," बाई उभ्यानंच म्हणाल्या. आजूबाजूची चारही टेबलं ऐकत होती, आणि त्यांनी आवाज मुद्दाम तेवढाच ठेवला. "मी काय म्हणाले होते?"

"जाऊ द्या ना बाई."

"काय म्हणाले होते?"

धाकटीनं खाली पाहिलं. "आधी दुधाचे दात पडू देत, मग मला शिकव."

"ते माझं चुकलं. टोकं तपकिरीच होती. मला दिसली नाहीत, आणि तुला दिसली ती मी दिसू दिली नाहीत."

नळ थेंब थेंब गळत होता. धाकटीनं हात पुसून तो बंद केला.

आठ दिवसांनी राखीव नमुन्याच्या आठ गुंडाळ्या टेबलावर आल्या. मोजणाऱ्याच्या खुर्चीत धाकटी होती, शेजारच्या स्टुलावर बाई. बारीक काम काढून घेतल्याचं पत्र त्यांना गुरुवारीच मिळालं होतं. आता गोदामात पोत्यांचं वजन करायचं. आज साहेबांनी त्यांना बसू दिलं होतं, त्यांनी तसं मागितलं होतं म्हणून.

बाईंनी आपला चिमटा फडक्यानं पुसून धाकटीच्या ताटलीत ठेवला. एकतीस वर्षांत त्याच्या एका पात्यावर अंगठ्याएवढा खोलगटपणा आला होता. धाकटीनं तो उचलला, पकड बसेना, म्हणून पुन्हा धरला.

"टोकापासून बघत चल. कोंबाकडे मागाहून," बाई म्हणाल्या. "आणि घाई नको. ट्रक नाहीये आज."

धाकटी मोजू लागली. चांगलं. चांगलं. लंगडं. चांगलं. लंगडं. लंगडं. बाई मांडीवर हात ठेवून ऐकत होत्या. पहिल्या गुंडाळीत पन्नासांपैकी सव्वीस चांगली निघाली, दुसरीत अठ्ठावीस. तिसऱ्या गुंडाळीत धाकटी एका रोपावर अडली. दोनदा बाईंकडे पाहिलं.

"तूच ठरव," बाई म्हणाल्या.

"लंगडं."

"लिही."

सगळ्या गुंडाळ्यांची सरासरी शेकडा चोपन्न आली. धाकटीनं आकडा लिहिला आणि नोंदवही सवयीनं बाईंच्या पुढे सरकवली, सहीसाठी. मग तिच्या लक्षात आलं आणि तिचा चेहरा पडला. बाईंनी वही तिच्याकडे परत फिरवली.

"जो मोजतो त्याची सही. पूर्ण नाव, वाचता येईल असं."

बाकीच्या आठ लॉटांपैकी मुळ्याचा एक अडकला, सात सुटले. वाटाण्यासाठी दुसऱ्या गोदामातून वेगळा लॉट मागवला. तो दुकानात पोचायला दोन आठवड्यांचा उशीर झाला.

"काय झालं हो यंदा तुमच्याकडे?" काकूंनी कुंपणावरून विचारलं. त्यांच्या अंगणात नुकतीच पेरणी झाली होती. काही उगवेल, काही उन्हात जाईल. "आणि पाकिटावर कुणा भलत्याच मुलीची सही. घेऊ की नको कळेना, घेतलं आपलं."

"मोजणी राहिली होती," बाई म्हणाल्या. "मुलगी चांगली आहे. तिची सही बघूनच घेत जा आता."

काकूंना उत्तर पटलं की नाही कोण जाणे. त्या झारी भरायला गेल्या.

संध्याकाळचं ऊन वाफ्यावर तिरकं पडलं होतं. सत्तेचाळीसच्या ओळीतले एक्केचाळीस वेल आता विताच्यावर गेले होते, मध्ये मोठमोठ्या मोकळ्या जागा सोडून. मिस्त्री म्हणाले, या जागांत झेंडू लावू या. बाईंनी बियांची पुडी घेतली आणि गोणपाटावर बसल्या. झेंडूची बी म्हणजे काळी बारीक काडी. काळ्या मातीत पडली की चांगल्या डोळ्यांनाही सापडत नाही.

पण खुरप्यानं ओढलेल्या चरात काळी माती नव्हती. प्रत्येक मोकळ्या जागी, चराच्या तळाशी, मिस्त्रींनी बोटभर जाडीची पांढरी वाळू पसरली होती.

"वाळू कशाला घातलीत?" बाईंनी विचारलं.

"निचऱ्याला."

"झेंडूला एवढा निचरा लागत नाही."

"बरं," मिस्त्री म्हणाले, आणि झारी आणायला उठले.

बाईंनी मान किंचित वळवली. पांढऱ्यावर काळं, कडेनं का होईना, दिसत होतं. त्यांनी पुडीतून एक बी उचलली, वाळूवर आडवी ठेवली, आणि एक म्हणून मोजली.